अश्वत्थाम्याचे तेल आणि आमचा शेक

असीरगडावर शाळेची सहल नेली की इतिहासाआधी अश्वत्थाम्याची कथा सांगावी लागते. १६०१ साली अकबराने हा गड घेतला, हे मुलांना पुस्तकात वाचावयास मिळते. परंतु कपाळीचा मणी गमावलेला अश्वत्थामा भळभळत्या जखमेसाठी तेल-हळद मागत येथे हिंडतो, हे ती घरूनच ऐकून आलेली असतात. गेल्या वर्षी ही कथा सांगून गड उतरत असता माझा पाय पायरीवरून निसटला आणि डाव्या गालाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेने ते जागी बसवून त्यावर टिटॅनियमची बारीक पट्टी स्क्रूंनी जडविण्यात आली. त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

तिसऱ्या दिवशी आरशात पाहिले, तो डोळा मिटलेला आणि गाल भोपळ्यासारखा! घरची मंडळी घाबरली. वस्तुतः अशी सूज दोन-तीन दिवस चढते, पंधरवड्यात बरीचशी ओसरते आणि उरलेली काही आठवडे, क्वचित महिने रेंगाळते. दुखावलेल्या भागातील रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, म्हणून ती येते. डोके उंच ठेवून निजावे, पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावावा, मऊ भात व पेज घ्यावी. डॉक्टर सांगतील तोवर नाक जोराने शिंकरू नये. गालाच्या हाडात नाकाशी जोडलेली पोकळी असते, तेथील हवा डोळ्याभोवती शिरू शकते.

सुजेपेक्षा मला बधिरपणाने अधिक अस्वस्थ केले. डोळ्याखालच्या हाडातून एक मज्जातंतू बाहेर पडतो. खालची पापणी, नाकाची कड, वरचा ओठ आणि पुढचे दात यांची जाणीव त्याच्याकडे असते. माझा तो तंतू दुखावला होता. चहा ओघळून सदऱ्यावर पडे, तेव्हा कळे. ओठ हालत होता, कारण हालचालीचा तंतू निराळा. पण तो माझा वाटत नव्हता. हनुवटीत रोपण केलेल्यांना हाच अनुभव खालच्या ओठात येऊ शकतो.

सहाव्या दिवशी सौ.नी मायेने गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक दिला. मी स्वस्थ पडून राहिलो. सोसवत होते म्हणून नव्हे, तर काही कळतच नव्हते म्हणून! सायंकाळी गालावर टपोरा फोड आला. दोष तिचा नव्हता. डॉक्टरांना न विचारता शेक घेणाऱ्या माझा होता. बधिर जागा भाजल्याची तक्रार करीत नाही, हा धडा मी असा शिकलो. तेव्हापासून चहा आधी बोटाने पाहू लागलो आणि दाढी आरशाशिवाय करणे सोडले. उघडा बर्फही अशा जागी तितकाच घातक.

चेहऱ्याच्या जखमेला धीर लागतो, हे आपल्याकडे जुन्यांना ठाऊक होते. कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते नवे घडविले. लंडनच्या एका मासिकाने १७९४ साली हा वृत्तांत छापला. त्यात चार दिवस पट्टी उघडावयाची नाही आणि कातडीचा सांधा सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडावयाचा, असा क्रम दिला आहे. कौशल्याइतकेच मोल तेथेही वाट पाहण्याला होते.

मात्र धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. उतरलेली सूज पुन्हा वाढणे, ताप, पू, वाढती वेदना, दुहेरी दिसणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. दृष्टी अंधुक झाली किंवा श्वास अडू लागला, तर घटकाभरही थांबू नये.

तुटलेला मज्जातंतू वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. नुसता ताणलेला असल्यास लवकर सावरतो. काहींना थोडा बधिरपणा कायमचाही राहतो. माझ्या गालावर तिसऱ्या महिन्यात मुंग्या येऊ लागल्या. तो त्रास नव्हता, जाग होती. यंदा पुन्हा मुलांना घेऊन गड चढलो. वरचा वारा डाव्या गालाला लागला आणि तो मला कळला! ओठावर रुपयाएवढी जागा अजून मुकी आहे. पण अश्वत्थाम्याच्या जखमेला अंत नाही, हाच त्याचा शाप. आपल्या जखमांना मुदत असते, एवढे माणसाचे भाग्य थोडे का आहे?