ऑफर लेटरं मोजू नका, रुजू किती झाले ते सांगा!

विश्रामबागकरांनो,

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या चौकातले विजेचे खांब फ्लेक्समागे दडतात. ‘एआय शिका, पॅकेज मिळवा!’ खाली टाय लावलेली हसरी पोरं. त्यातली काही खुद्द एआयनंच काढलेली असावीत. शंभरफुटी रस्त्यापासून वानलेसवाडीपर्यंत हेच. हे पत्रक त्या फ्लेक्सला उत्तर आहे.

आमचा यंत्राशी वाद नाही. हा सांगली जिल्हा यंत्रावरच वाढला. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हा लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणणारे शेतकरी होते. पुढे तोच नांगर गावोगाव गेला. पण त्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. ओतकाम करणारे, फिटर, टर्नर इथंच तयार झाले आणि त्यांचा पगारही इथल्याच बाजारात खर्च झाला. एआयची वाडी कुठं आहे? सर्व्हरची गोदामं ऐरोलीकडे, नफा अमेरिकेत. विश्रामबागच्या वाट्याला आलं ते फीचं कार्ड.

आपल्या भागाचं पोट कशावर चालतं ते उघड बोलू. विलिंग्डन कॉलेज 1919 चं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज 1947 चं. त्यांच्या आसऱ्यानं क्लासेस आले, कॉट बेसिसच्या खोल्या आल्या, मेस, झेरॉक्स, चहाच्या गाड्या आल्या. जत-आटपाडीचा बाप द्राक्षाचे पैसे मोडून आणि बँकेचं कर्ज काढून पोराला इथं ठेवतो तो एकाच भरवशावर: चार वर्षांनी पोरगं हिंजवडीच्या आयटी कंपनीत लागेल. तिथली पहिली पायरी ठरलेली होती. टेस्टिंग करायचं, दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढायच्या, रात्रपाळीला सपोर्ट द्यायचा. काम कंटाळवाणं, पण त्यातूनच पोरगं तयार व्हायचं. नेमकं तेच काम आता यंत्राकडे चाललं आहे. पहिली पायरीच काढून घेतली तर पाच वर्षांच्या अनुभवाची माणसं कंपन्या आणणार कुठून, हे आम्हाला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आकडे बघा. 2023-24 या एका वर्षात टीसीएसची माणसं 13,249 नं कमी झाली, इन्फोसिसची 25,994 नं. तेव्हा दोष परदेशी ऑर्डरींच्या मंदीचा होता, तो आम्ही एआयच्या माथी मारत नाही. मग जुलै 2025 मध्ये टीसीएसनं आणखी 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. म्हणजे पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरणारी आपलीच पोरं. कंपनी म्हणाली, कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत. मान्य! पण मग चार वर्षांची फी भरून कोणतं कौशल्य विकत घेतलं, हे विचारायचा हक्क बापाला आहे की नाही?

आणि याच काळात जागा किती काढाव्यात यावरची वरची मर्यादा तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईनं चांगल्या संस्थांसाठी उठवली, आणि 2025 हे ‘एआयचं वर्ष’ म्हणून जाहीर केलं. कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढल्या. सिव्हिल, मेकॅनिकलकडे पाठ फिरली. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले कारखानदार चांगला मेकॅनिकलवाला मिळत नाही म्हणून कुरकुरतात, ती कुरकुर कुठल्याही फ्लेक्सवर छापून येत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे ऑफर लेटर. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. 2022 साली इन्फोसिसची पत्रं हातात पडलेली दोन हजारांच्या घरातली मुलं 2024 उजाडलं तरी रुजू व्हायची वाट बघत होती. त्यांच्यासाठी आयटी कर्मचाऱ्यांच्या पुण्यातल्या नाइट्स या संघटनेला केंद्रीय कामगार मंत्रालयाचं दार ठोठावावं लागलं. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत असते. हप्ता वर्षानं सुरू, नोकरी दोन वर्षांनी. मधल्या काळात बँकेचा फोन जातो तो बापाला. शिवाय सुरुवातीचा पगार मोठ्या कंपन्यांत गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलेला आहे. फ्लेक्सवर छापतात तो एखाद-दुसऱ्या पोराचा तीस-चाळीस लाखांचा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजनं शाखेगणिक बोर्डावर लिहावं: पास किती झाले, पत्रं किती आली, वर्षभरात प्रत्यक्ष रुजू किती झाले, आणि पगारांची रांग लावली तर बरोबर मधल्या पोराचा पगार किती. सरासरी नको. एका मोठ्या पॅकेजनं सरासरी फुगते, हे कॉलेजवाल्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. एआयचे सहा महिन्यांचे कोर्स विकणाऱ्या क्लासवाल्यांनाही हाच नियम.

एआय आता रानातही आलं आहे, म्हणून ऊसवाल्यांसाठीही दोन शब्द. बारामतीच्या एआय ऊसशेतीचं कौतुक जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी केलं. जूनमध्ये राज्यानं महाॲग्री-एआय धोरण आणलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये. पाणी आणि खत वाचत असेल तर जरूर घ्या. पण तुमच्या रानातल्या ओलाव्याची, खताची, उताऱ्याची नोंद कुणाच्या मालकीची, याचा करार साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत वाचून घेतल्याशिवाय हात वर करू नका. सहकारी कारखाना आहे, सभासद मालक आहेत. पुढे हीच माहिती व्यापाऱ्याच्या हाती गेली, तर भावाची बोलणी सुरू व्हायच्या आधीच त्याला तुमचं पीक ठाऊक असेल.

पालकांनो, फी भरण्याआधी वरचे चार आकडे लेखी मागा. ‘वेबसाइटवर आहे’ हे उत्तर घेऊ नका, सही-शिक्क्याचा कागद घ्या. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. खासगी कॉलेज आकडे देत नसेल, तर तसं लेखी मागून घ्या आणि तो कागद शेजारच्या पालकाला दाखवा.

— विश्रामबागमधील काही पालक व माजी विद्यार्थी
(वाचून झाल्यावर पुढे द्या.)