माध्यमाचे माप

शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांपर्यंत आल्या त्या मुख्यत्वे अनुवादांतून. त्यांत मामा वरेरकरांचा वाटा मोठा. या प्रभावाचा किती भाग अनुवादामुळे, असे संख्याशास्त्राला विचारले, तर उत्तर बहुधा शेकड्यात मिळते : माध्यमातून आलेला परिणाम भागिले एकूण परिणाम. हे माप फसवे आहे.

समजा, वाचकांची आवड गुणांनी मोजली. परक्या समाजाच्या चित्रणाने ती ३ गुणांनी घटली, अनुवादाच्या भाषेने ४ गुणांनी वाढली. एकूण परिणाम १ गुण. अनुवादाचा वाटा मात्र शेकडा ४००! आणि दोन्ही बाजू समसमान ठरल्या, तर बेरीज शून्य होऊन अनुवादकाचे श्रमच हिशेबातून नाहीसे होतात. बॅरन आणि केनी यांनी १९८६ मध्ये एकूण परिणाम दिसणे ही माध्यम-विश्लेषणाची पहिली पायरी मानली होती. पुढे अनेक संशोधकांनी ती अट सोडली, ती अशाच कारणांनी.

तेव्हा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष परिणाम मूळ गुणांतच, अनिश्चिततेच्या मर्यादांसह, वेगवेगळे मांडावेत. राजधानीत बसून भारतीय भाषांच्या देवघेवीचा हिशेब मांडणाऱ्या आपण तरी शेकडेवारीच्या मोहाने अनुवादकाला शून्य ठरवू नये.