फुटक्या पणतीलाही गुण द्या

शाळेत मातीकाम होत नाही असे कोणी म्हणणार नाही. कार्यानुभवाच्या तासाला ते होते, पोळ्याच्या आधी वर्गावर्गांत मातीचे बैल बसतात, दिवाळीच्या तोंडावर पणत्या रंगतात. प्रश्न आहे तो गुण कशाला मिळतात याचा. सुबक, न तडकलेली, वरून चकचकीत रंग दिलेली वस्तू प्रदर्शनाच्या टेबलावर जाते आणि वाकडी, भेगाळलेली वस्तू खिडकीतून बाहेर. मग घरच्या मोठ्या माणसाने केलेला बैल पहिला येतो, आणि पणती तर बाजारातून आणून नुसती रंगवलेली असते. नवशिक्या विद्यार्थ्याचे मातीकाम तपासताना वस्तू बाजूला ठेवावी आणि ती करताना काय घडले, का घडले, हे त्याला किती सांगता येते ते पाहावे, असे माझे मत आहे.

आमचाच भाग घ्या. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने पालीचा बिंदुसरा तलाव मागे टाकून घाट चढला की मांजरसुंबा लागते. बालाघाटच्या या भागात वर मुरमाड आणि सखलात काळी जमीन. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा इथल्या प्रत्येक पोराने पाहिलेल्या असतात. हीच माती जशीच्या तशी घेऊन वाटी केली तर सावलीत वाळवूनही ती तडकण्याची शक्यताच जास्त. म्हणून कुंभार तळ्याचा गाळ निवडून घेतो आणि त्यात राख, लीद, बारीक वाळू मळतो. वाळू आकसत नाही. लीद जळून गेली की बारीक छिद्रे राहतात आणि वाफेला वाट मिळते. एक वडी नुसत्या गाळाची आणि एक वाळू मिसळलेली करून दोन्हींवर ओलेपणी १० सेंटीमीटरची रेघ ओढावी, वाळल्यावर आणि भाजल्यावर ती पुन्हा मोजावी. रेघ ९.२ भरली तर माती ८ टक्के आकसली. शेकडेवारी शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

नवशिक्यांच्या वस्तू बिघडतात त्याही ठरावीक ठिकाणीच. कपाचा कान गळून पडतो, कारण कप अर्धा वाळलेला असताना ओला कान लावलेला असतो. कान जास्त आकसतो आणि जोडाला फट पडते. दोन्ही सारखेच ओलसर हवेत, जोडायच्या जागी रेघोट्या हव्यात आणि मध्ये पाण्यात कालवलेली माती हवी, मांजरसुंब्याला प्रवासी ज्या रबडीसाठी थांबतात तितकी दाट. वस्तू कुंभाराच्या भट्टीत, म्हणजे आव्यात, फुटली की खापर नेहमी हवेच्या बुडबुड्यावर फोडले जाते. बहुतेक वेळा गुन्हेगार असते ती ओल. जाड बुडाची पणती वरून कोरडी दिसते, आत ओलसर असते, आणि १०० अंशांच्या आसपास त्या पाण्याची वाफ होऊन ती उडते. पुढे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतच अडकलेले पाणी निघून जाते. त्यानंतर ती भिजवली तरी तिचा चिखल होत नाही. हे सगळे दिसते ते फुटक्या तुकड्याच्या कडेवर. कड बाहेरून तांबडी आणि मधोमध काळी असेल तर आतला कार्बन जळायला पुरेसा वेळ किंवा पुरेशी हवा मिळाली नाही. धड पणती ही गोष्ट सांगूच शकत नाही. पुरातत्त्वज्ञही असेच तुकडे वाचतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात प्राचीन वस्तीचे उत्खनन झाले. तिथल्या जोर्वे संस्कृतीची ओळख त्यांना पटली ती मोठ्या प्रमाणात खापरांवरूनच.

आपल्या परंपरेलाही कच्चेपणातून शिकवणारी ही परीक्षा अनोळखी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी आख्यायिका आहे. त्याच आख्यायिकेत पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातात. म्हणजे कच्चे ठरल्यावर त्यांचे शिक्षण सुरू झाले. आमच्या शाळांत नेमके तिथे ते थांबते.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी पोराला शाळेत घातले ते हाताला लागलेली माती सुटावी म्हणून. तिथेही चिखलच तुडवायचा का? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला इतिहासही आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेल्या नई तालीममध्ये विद्यार्थ्यांच्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागावा अशी कल्पना होती, आणि शाळेचा कारखाना होईल अशी टीका तेव्हाच झाली. वस्तूच मोजायची तर ती टीका आजही लागू पडते. वस्तूऐवजी ती का बिघडली याची समज मोजली तर हे काम मजुरी राहत नाही. मात्र हे काम वर्गातल्या सगळ्यांनी करायला हवे आणि कुंभाराच्या मुलाकडे ‘तुझा घरचाच धंदा’ म्हणून बोट दाखवणे बंद व्हायला हवे. कुंभाराला शिक्षक म्हणून बोलवावे, मानधन देऊन.

दुसरी शंका शिक्षकांची: अनुभव लिहायला सांगितला की गाइडमधून उतरवून आणतील. आणतीलच. म्हणून लेखी घेऊच नये. तुकडा हातात देऊन दोन मिनिटे विचारावे, ही भेग इथेच का गेली? सुबकपणाला काहीच किंमत नाही का, असेही कोणी विचारील. आहे, पण ती वर्षानुवर्षांच्या सरावाची आहे. पहिल्याच वाटीत सुबकपणा दिसला तर तो नशिबाचा असतो किंवा दुसऱ्याच्या हाताचा. विजेच्या भट्टीची आणि झिलईची तर गरजच नाही. गोवऱ्या-पाचटाचा आवा पुरतो, पेटवायचा मात्र मोठ्यांनी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत आणि ज्यांच्याकडे मुलांनी शिकावे त्या कारागिरांत कुंभाराचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. मांजरसुंबा परिसरातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी त्यातले काही दिवस या कामाला द्यावेत, आणि तेही पोळा ते दसरा या काळात. दिवाळीनंतर ठेवले तर ऊसतोड कामगारांची मुले कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतील आणि आवा त्यांच्यामागे पेटेल.