मानधनाची तारीख

जून 2025 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रके न मागवता थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर गेली, खरेदी समितीमार्फत घ्यायच्या मालाची मर्यादा 10 लाखांवरून 25 लाखांवर गेली. या आदेशाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. कोलॅजिनेजचा जमलेला लॉट संपला आणि नवा येईपर्यंत तीन महिने गेले तर आयलेट वेगळे करण्याचे काम किती मागे पडते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. प्रयोग कागदपत्रांसाठी थांबून राहू शकत नाही, एवढे सरकारने या आदेशाने मान्य केले. आमचे म्हणणे असे की हे तत्त्व रसायनाच्या बाटलीपाशी थांबू नये. ती बाटली उघडून पहाटेपर्यंत हूडपाशी बसणाऱ्या कनिष्ठ संशोधकाच्या मानधनालाही ते लागू झाले पाहिजे. गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांत मानधनाच्या रकमेपेक्षा ते कधी जमा होते याविषयीची तक्रार आहे.

रकमेसाठी संशोधकांनी पुष्कळ झगडा केला आणि थोडेफार पदरातही पाडून घेतले. 2014 मध्ये कनिष्ठ संशोधन फेलोला 25,000 रुपये झाले, 2019 मध्ये 31,000 आणि 26 जून 2023 च्या आदेशाने, 1 जानेवारी 2023 पासून, 37,000. पुण्या-मुंबईसारख्या शहरात 30 टक्के दराने घरभाडे धरले तर 11,100 रुपये आणखी. कागदावर हे 48,100 रुपये होतात आणि संस्थेचे प्रमुख ते अभिमानाने सांगतात. पण हा आकडा महिन्याचा आहे, आणि महिना संपल्यावर तो हातात येईल याची हमी कुणी देत नाही. 2024-25 मध्ये इन्स्पायर योजनेतील फेलोंना देशभर कित्येक महिने मानधन मिळाले नाही, ही बातमी सगळ्यांनी वाचली. आपल्या राज्यात 2023 मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. या बातम्या गाजल्या म्हणून कळल्या. एकेका प्रकल्पावर असलेल्या एक-दोन मुलांचे पैसे अडतात तेव्हा बातमी होत नाही.

पैसे अडतात कसे, ते एकदा नीट मांडले पाहिजे, कारण दोष नेहमी ‘दिल्ली’वर ढकलला जातो. प्रकल्पाचा पुढचा हप्ता मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचे विवरण गेल्याशिवाय सुटत नाही. ते प्रमाणपत्र लेखा विभाग तयार करतो, त्यावर मार्गदर्शक सही करतो, कुलसचिव किंवा संचालक सही करतो, काही ठिकाणी लेखापरीक्षकाची सही लागते. यातली एक व्यक्ती रजेवर गेली की कागद टेबलावर राहतो. दिल्लीत तो पोहोचल्यावर कुठल्या तरी शीर्षाखाली चारशे रुपयांचा फरक निघतो आणि तो परत येतो. त्यात आता शून्य शिल्लक खात्याची पद्धत आली आहे. 31 मार्चला न वापरलेली रक्कम मागे जाते आणि नव्या वर्षाची मंजुरी येईपर्यंत खात्यात काही नसते. प्राणिगृहातल्या उंदरांना मात्र 1 एप्रिललाही दाणा-पाणी लागते, स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्यांची साखर 2 एप्रिललाही मोजावी लागते आणि मोजणारा तिथे हजर असतो. या साखळीतल्या प्रत्येकाचा स्वतःचा पगार महिनाअखेरीस जमा होतो. ज्याची सही त्या कागदावर कुठेच नाही, त्याच एकट्याचे पैसे थांबतात. एवढ्या साध्या अन्यायाकडे इतकी वर्षे कुणाचे लक्ष गेले नाही, याचा आम्हांला राग आहे.

सगळ्याच विद्याशाखांत हे घडते, मग मधुमेह आणि प्रत्यारोपणाच्या प्रतिकारशास्त्राचे वेगळे गाऱ्हाणे कशाला, असे कुणी विचारील. उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. आपल्या क्षेत्रात ज्ञानाचा मोठा भाग हातात असतो. स्वादुपिंडाचे पचन नेमके कोणत्या मिनिटाला थांबवायचे हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले असले तरी ते दर वेळी डोळ्यांनीच ठरवावे लागते. थोडा उशीर झाला की आयलेट विरघळतात, घाई केली की त्यांना बाहेरची ऊती चिकटून राहते. क्रॉसमॅचच्या प्लेटवर मेलेल्या पेशींचा अंदाज घेणे, आयजीएममुळे आलेला खोटा पॉझिटिव्ह ओळखून डीटीटी लावून पुन्हा पाहणे, हे शिकायला दीड-दोन वर्षे सहज जातात. मेंदूमृत दात्याचे नमुने बहुधा अपरात्री येतात आणि तोवर मूत्रपिंड बर्फात असते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या गटाने आयलेट वेगळे करणे, गोठवून जपणे, प्रतिकारपेशींपासून वाचवण्यासाठी पडद्यात बंद करणे या विषयांवर वर्षानुवर्षे काम केले. त्याच गटातून घडलेले डॉ. आनंदवर्धन हार्डीकर यांनी डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इतर सहकाऱ्यांसोबत 2015 मध्ये ‘सेल मेटाबोलिझम’मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला: 50 पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढलेल्या विस्टार रॅटना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला दिले तरी मधुमेहाकडे असलेला त्यांचा कल गेला नाही. त्या 50 पिढ्यांत रोज कुणी तरी चारा तोलून दिला, पिल्ले मोजली, वजने लिहिली. कोणताही तीन वर्षांचा प्रकल्प एवढा पुरत नाही. असे काम माणसे टिकली तरच टिकते.

आणि टिकतात कोण? परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता इथे मिळतो. या टापूतली मुले-मुली सेलू, जिंतूर किंवा परभणीला बीएस्सी करतात, नांदेडला किंवा संभाजीनगरला एमएस्सी होतात आणि नेट किंवा गेटच्या गुणपत्रिकेवर पुण्याच्या प्रयोगशाळेत दाखल होतात. त्यांच्या घरचा पैसा सोयाबीन आणि कापसाचा, म्हणजे दसरा-दिवाळीच्या पुढे येणारा, आणि भावावर अवलंबून. पुण्यातला घरमालक मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे मागतो, त्याआधी अनामत घेतो. ज्या मुलीच्या वडिलांचा पुण्यात फ्लॅट आहे तिला सहा महिन्यांचा उशीर ही गैरसोय वाटते. देवगाव फाट्याकडून आलेल्या मुलीला तोच उशीर नोकरी शोधायला लावतो. ती एखाद्या निदान-साखळीत कमी पण नक्की पगारावर रुजू होते आणि तिने शिकलेले पचनाचे मिनिट तिच्याबरोबर जाते. उशिराची ही चाळणी गुणवत्ता पाहत नाही, घरची शिल्लक पाहते. ज्या भागातल्या रुग्णाला मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी जिल्हा ओलांडावा लागतो, त्याच भागातली माणसे या विषयाच्या प्रयोगशाळांतून गळावीत, हे आम्हांला फार लागते.

यावर तीन उत्तरे दिली जातात. पहिले असे की फेलोशिप हा पगार नसून शिक्षणासाठीचे साहाय्य आहे. शिक्षण म्हणायचे तर बायोमेट्रिक हजेरी, मोजून दिलेली रजा आणि रविवारचे प्राणिगृह कुठल्या शिक्षणक्रमात बसते? आणि साहाय्यच म्हणायचे तर ज्या महिन्यात गरज आहे त्याच महिन्यात ते पोहोचले पाहिजे. दुसरे उत्तर सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचे. हिशेब हवाच, तो आम्ही टाळा म्हणत नाही. पण मंजूर प्रकल्पावर नेमलेल्या माणसाचे मानधन ही ठरलेली, दर महिन्याची रक्कम आहे, त्यात अंदाज किंवा चढउतार नाही. ती रसायनांच्या आणि प्रवासाच्या हिशेबात का बांधून ठेवली जाते? मानधनाचे शीर्ष उपयोगिता प्रमाणपत्रापासून वेगळे काढून वर्षाची रक्कम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोडली, तर हिशेबाला धक्का लागत नाही. तिसरे उत्तर ज्येष्ठांचे: आम्हीही असेच दिवस काढले. काढले, खरे आहे. पण त्यांच्याबरोबर आलेले आणि मध्येच गेलेले किती, हे ज्येष्ठ सांगत नाहीत, कारण गेलेल्यांना विभागाच्या समारंभाला बोलावत नाहीत.

आता आमचा रोख आपल्याच माणसांकडे. मार्गदर्शकांनी मार्चचे उपयोगिता प्रमाणपत्र जुलैत पाठवायचे आणि मुलांना ‘मंत्रालयाकडून आले नाही’ सांगायचे, हे आता बंद झाले पाहिजे. ज्या सहीला दोन मिनिटे लागतात तिच्यासाठी एका घराचे चार महिने अडवू नका. एप्रिल संपण्याआधी ते कागद रवाना झाले की नाही, हे लेखा विभागात स्वतः जाऊन बघा. संचालकांना आमची विनंती आहे की संस्थेच्या अंतर्गत निधीतून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मानधन आगाऊ द्या आणि हप्ता आल्यावर वळते करून घ्या. तीन-चार फेलोंची रक्कम एखाद्या मोठ्या संस्थेला जड नाही. तरुण वाचकांनो, तुम्हीही संकोच सोडा. रुजू होण्याआधी लेखी विचारा: या प्रकल्पाचा मागचा हप्ता कधी आला, उपयोगिता प्रमाणपत्र कधी गेले, आधीच्या फेलोला शेवटचे मानधन कोणत्या महिन्यात मिळाले. प्रश्न विचारल्याने संधी जाईल ही भीती खरी आहे, म्हणून एकट्याने विचारू नका. विभागातल्या सगळ्यांनी मिळून एकच पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

आमच्याकडूनही एक काम सुरू करतो. मानधन कोणत्या महिन्याचे आणि ते कोणत्या तारखेला खात्यात जमा झाले, एवढ्या दोन गोष्टी गेल्या 24 महिन्यांसाठी पोस्टकार्डावर लिहून पाठवा. स्वतःचे नाव लिहू नका, निधी देणारी योजना आणि शहर तेवढे लिहा. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आलेली कार्डे एकत्र करून त्यांचा तक्ता आम्ही छापू आणि त्याची प्रत प्रत्येक निधीदात्या खात्याच्या सचिवांना स्पीड पोस्टाने पाठवू.