अंगणातील तृणकुल

आपल्या बागांच्या दप्तरात गवताची नोंद आजवर दोनच सदरांखाली होत आली आहे : पायाखालची हिरवळ आणि खुरप्याने बेदखल करावयाचे तण. बी पेरून, एका हंगामापुरते वाढवून, निव्वळ पात्याच्या आणि कणसाच्या शोभेसाठी एखादे गवत जोपासावे, हा विचार चांगल्या उद्यानप्रेमींच्याही मनात सहसा येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण ज्या तृणकुलाने आपल्याला ज्वारी, नाचणी आणि राळा दिला, त्याचे सौंदर्य पारखण्याचा मान मात्र परकीयांकडे गेला आहे. ‘पर्पल मॅजेस्टी’ या गडद जांभळ्या वाणाला अमेरिकेतील ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या बियाणे-परीक्षक संस्थेचे २००३ साली सुवर्णपदक मिळाले, आणि नेब्रास्का विद्यापीठात सिद्ध झालेला हा वाण म्हणजे दुसरेतिसरे काही नसून बाजरी आहे.

ही बाजरी उगवते तेव्हा हिरवीच असते. उघड्या उन्हात राहील तसतसा पात्यांवर जांभळा रंग चढत जातो, सावलीत मात्र तो खुलत नाही. रोपे लहान कुंडीत कोंडून ठेवली तर ती खुजी राहून अकालीच निसवतात, म्हणून ती वेळेवर जमिनीत लावावी. वाण संकरित असल्याने घरचे बी राखून पेरल्यास पुढची पिढी एकसारखी येत नाही.

माझा खरा जीव मात्र कसईवर आहे. ओढ्याकाठी, ओलीत वाढणारे हे गवत पुरुषभर उंच होते आणि त्याची रुंद पाने मक्याची आठवण करून देतात. बी दगडासारखे टणक, म्हणून एक अहोरात्र पाण्यात भिजवून इंचभर खोल पेरावे आणि उगवण्यास विलंब लागला तरी माती उकरून पाहू नये. पावसाळा सरता सरता पानांच्या बगलेत वाटाण्याएवढे हिरवे मणी दिसू लागतात. प्रत्येक मण्याच्या मुखातून स्त्रीकेसरांचे दोन नाजूक तंतू बाहेर डोकावतात आणि त्याच मुखातून नरफुलांचा छोटा तुरा वर निघतो. हिरवा रंग जाऊन मणी करडा, निळसर, क्वचित काळसर होतो आणि त्यावर चिनी मातीची झिलई चढते. वाळलेल्या तुऱ्याचा देठ ओढून काढला की मण्याला आरपार भोक तयार. ते पाडण्यासाठी कोणाही कारागिराची गरज नाही. हे कवच मुळात कठीण झालेले पर्णावरण असून खरा दाणा त्याच्या आत असतो. ईशान्य भारतातील नागा समाजात हे मणी अलंकारांत ओवले जातात आणि कसईच्याच मऊ कवचाच्या जातींचे दाणे अन्न म्हणून खाल्ले जातात.

एक व्यावहारिक सूचना. कोवळेपणी सारी गवते सारखीच दिसतात आणि निंदणी करणारा हात भेद जाणत नाही. म्हणून बी फेकून न पेरता ओळीने पेरावे आणि ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. फुलदाणीसाठी कणसे हवी असतील तर ती पुरती पिकण्यापूर्वी कापून सावलीत उलटी टांगावीत. उशीर झाल्यास दाणे गळतात.

मृगाचा पाऊस पडला की गुलाबाच्या वाफ्याशेजारी एक हात जागा मोकळी ठेवा आणि तेथे कसईचे मूठभर बी अवश्य पेरा.