काविळीचा बागुलबुवा पुरे

"सिस्टर, लवकर कापा, नाहीतर कावीळ होईल." यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांत हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलं आणि मुकाट्यानं नाळ कापत आले. बोटांखाली नाळ ठकठक उडत असायची, निळसर, पिळदार, रक्तानं टरारलेली, आणि मी चिमटा लावायची. आज स्पष्ट सांगते: लेकरांच्या हक्काचं रक्त आम्ही वारेसोबत बादलीत टाकलं.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिलिलिटर. तीन मिनिटं थांबलं, तर वारेतून आणखी ८० ते १०० मिलिलिटर त्याच्याकडे येतं. त्यातलं लोह म्हणजे पुढच्या कित्येक महिन्यांची शिदोरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, किमान एक मिनिट थांबा. २०१८च्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' मोहिमेनं तीन मिनिटं सांगितली. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, लेकरांच्या पापण्या खाली ओढून मी पाहिल्या आहेत, आतून पांढऱ्याफटक. सगळा दोष नाळेचा नाही, आईच अर्धपोटी असते. म्हणूनच तर फुकट मिळणारं लोह फेकणं हा गुन्हा आहे.

काविळीची भीती साफ खोटी नाही. रक्त वाढलं की फुटणाऱ्या तांबड्या पेशीही वाढतात. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात उशिरा नाळ कापलेल्या बाळांपैकी निळ्या दिव्याखाली ठेवावी लागलेली बाळं जास्त निघाली. फरक शंभरामागे दोनाहूनही कमी. या काविळीला दिव्याचा उपाय आहे. वाया गेलेलं रक्त मात्र कोणता दिवा परत आणतो?

आणि काविळीची एवढी काळजी आहे, तर बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी सुट्टी का देता? कावीळ चढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तेव्हा लेकरू दूरच्या पोडावर, अंधाऱ्या खोलीत असतं आणि आजी त्याला कोवळ्या उन्हात धरते. ऊन हा इलाज नव्हे. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे पडले, बाळ दूध ओढेना, तर तडक दवाखाना. हे आईला सांगायला वेळ नाही, कात्री चालवायला मात्र घाई! काविळीचं नाव पुढे करून आपण टेबल रिकामं करतो, हे कबूल करा.

बाळ पुसून, पाठ चोळूनही श्वास घेत नसेल, तर लगेच कापा. बाकी प्रत्येक बाळ आईच्या पोटावर ठेवा, पुसा, झाका आणि नाळेची धडधड थांबू द्या. केसपेपरवर जन्माची वेळ लिहिता, त्याखाली नाळ कापल्याची वेळही लिहा. त्या दोन आकड्यांतलं अंतर आईला वाचता आलं पाहिजे.