मोबाइल, मेंदूतली गाठ आणि न झालेली मोजणी

लातूर आणि नांदेडच्या वसाहतींत मोबाइलच्या टॉवरला विरोध होतो, तेव्हा कॅन्सरचा मुद्दा हमखास पुढे येतो. शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांची धास्ती थोडी वेगळी असते. तासन्‌तास कानाशी धरलेल्या फोनमुळे पोराच्या मेंदूत गाठ तर होणार नाही ना, हा त्यांचा प्रश्न. या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकणे अन्यायाचे आहे, कारण ती बाळगणारी माणसे तीन पुरावे देतात आणि तिन्ही खरे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २-ब गटात घातले. तेरा देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासात सर्वाधिक बोलणाऱ्यांमध्ये ग्लायोमा या गाठीचे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त दिसले. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधला एक टॉवर एका रुग्णाच्या तक्रारीवरून बंद करायला लावला. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. तरीही त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

२-ब हा गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. पुरावा किती पक्का आहे एवढेच तो सांगतो, आणि इथे तो ‘मर्यादित’ आहे असेच त्याचे म्हणणे आहे. त्याच गटात कोरफडीच्या सबंध पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियातल्या खारवलेल्या भाज्याही आहेत. सुपारी आणि चघळायची तंबाखू मात्र पहिल्या, म्हणजे सिद्ध कर्करोगकारकांच्या गटात आहेत. इंटरफोनचा आकडा तर पूर्ण वाचायला हवा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात नियमित मोबाइल वापरणाऱ्यांना ग्लायोमाचा धोका १९ टक्क्यांनी कमी निघाला. मोबाइल मेंदूचे रक्षण करतो असे कोणीही म्हणणार नाही. मग एकाच तराजूतले वाढलेले पारडे खरे आणि उतरलेले खोटे कसे मानायचे? दोन्हींचे कारण पद्धतीतच सापडते. आजारी माणसाला आणि निरोगी माणसाला जुन्या वापराची आठवण विचारली गेली होती. गाठ झालेला माणूस कारण शोधत असतो, म्हणून त्याची आठवण फुगते. काहींनी तर दिवसाला बारा तासांहून अधिक बोलत होतो असे सांगितले. निरोगी लोकांपैकी फोन न वापरणारे मुलाखतीला कमी आले, त्यामुळे तुलनेचा पायाच कलला. न्यायालयाच्या आदेशाबद्दल एवढेच म्हणायचे आहे की न्यायालय समोरच्या तक्रारीचा निवाडा करते. रोगाचे कारण शोधायला हजारो माणसांची तुलना लागते, आणि ती सुनावणीत होत नाही.

अशी तुलना जिथे आठवणीवर न विसंबता झाली, तिथले उत्तर वेगळे आहे. डेन्मार्कने चार लाखांहून अधिक वर्गणीदारांच्या नोंदी कर्करोगाच्या राष्ट्रीय नोंदणीशी जुळवल्या आणि वाढ आढळली नाही. ब्रिटनमध्ये सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांना वापराबद्दल आधीच विचारून ठेवले आणि मग वर्षानुवर्षे पाहिले. २०२२ मधला त्यांचा निष्कर्षही तोच. मुलांबद्दलची चिंता सर्वांत रास्त, म्हणून चौदा देशांनी १० ते २४ वयोगटावर ‘मोबी-किड्स’ हा अभ्यास केला. त्यात भारतही होता आणि मोबाइलमुळे गाठ होते असा पुरावा त्यातून निघाला नाही. २०२४ साली आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्याने ६३ अभ्यास एकत्र तपासले, आणि दहा वर्षांहून जास्त वापर असणाऱ्यांतही संबंध दिसला नाही. भौतिकशास्त्राची साक्षही याच बाजूने आहे. मोबाइलच्या लहरींच्या एका कणातली ऊर्जा साध्या दिव्याच्या प्रकाशकणापेक्षा काही लाख पटींनी कमी असते. तेवढ्याने डीएनएचा बंध तुटत नाही.

यावर आक्षेप येतात. गाठ व्हायला वीस-तीस वर्षे लागतात, हा पहिला. तो मला वजनदार वाटतो, आणि बाळपणापासून फोन हाती आलेल्या पिढीवर लक्ष ठेवायलाच हवे. पण मोबाइल घरोघरी पोचून बराच काळ लोटला, आणि ज्या देशांत कर्करोगाची नोंद चोख ठेवली जाते तिथे ग्लायोमाचे प्रमाण मोबाइल पसरला त्या वेगाच्या जवळपासही वाढलेले नाही. ‘अभ्यासांना कंपन्यांचा पैसा असतो’ या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. कर्करोगाच्या नोंदवह्या मोबाइलसाठी उघडलेल्या नाहीत. त्यातले आकडे कंपन्यांच्या हाती नाहीत. अमेरिकेतल्या २०१८ च्या प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या हे खरे. पण ते उंदीर दोन वर्षे रोज नऊ तास सर्वांगावर लहरी झेलत होते, आणि गंमत नव्हे तर नोंदलेली गोष्ट अशी की ते लहरींविना ठेवलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले. ‘पूर्वी आपल्याकडे ब्रेन ट्यूमर ऐकूच येत नव्हता’ हा आक्षेप मात्र इथल्या अनुभवातून येतो. पूर्वी सीटी स्कॅन, एमआरआयही आपल्याकडे नव्हते. फेफरे, अर्धांग, ‘वेड लागले’ अशी नावे घेऊन माणसे जात, गाठ दिसायची नाही. शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ५८ लाखांवर होती. लाखाला दोन-तीन रुग्ण असे धरले तरी वर्षाला साधारण ११५ ते १७५ घरांत हा आजार येणार, त्यातली दोन घरे कधी तरी एकाच गल्लीत असणार.

टॉवरविरोधाने तर नेमके उलटे घडते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. डोक्याला लागून असतो तो हँडसेट, आणि टॉवर दूर असल्याने रेंज कमी असेल तेव्हा तो जास्त शक्तीने लहरी सोडतो. किनवट-माहूरच्या डोंगरात रेंज शोधत बोलणाऱ्याच्या कानाशी टॉवरखाली राहणाऱ्यापेक्षा जास्त लहरी असतात. ज्याला तरीही काळजी वाटते त्याने इयरफोन वापरावा. त्यात काही गैर नाही.

मला खरे दुःख दुसऱ्याच गोष्टीचे आहे. वरचा प्रत्येक पुरावा बाहेरून आणावा लागला, कारण लातूर-नांदेडचा आपला आकडाच नाही. २०१२ ते २०१६ या वर्षांच्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या २८ लोकसंख्याधारित कर्करोग नोंदण्या होत्या. त्यात औरंगाबाद होते, उस्मानाबाद-बीड होते; लातूर, नांदेड नव्हते. हे काम अवघड म्हणून राहिले असेही म्हणता येत नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तिचे कार्यकर्ते परंडा-भूमच्या गावागावांत गेले. त्याच पायावर उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात हे २००९ साली त्यातून जगाला कळले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून असे ज्ञान निघू शकते, आणि लातूर १९८२ पर्यंत त्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते.

म्हणून टॉवरविरोधी निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की निवेदनातली मागणी बदला. नांदेडच्या विष्णुपुरीतले शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था यांनी मिळून दोन्ही जिल्ह्यांची नोंदणी उघडावी, असे मागा. मेंदूतल्या प्रत्येक गाठीचा प्रकार, निदानाची तारीख, तपासणी कशाने झाली आणि रुग्णाचे मूळ गाव तिच्यात उतरावे. उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), सोलापूर, हैदराबाद, मुंबईला गेलेले रुग्णही तिथून परत मोजले जावेत. त्याच वहीत तंबाखू आणि गुटख्याने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे रकाने भरतील. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यातले बहुतेक ती खात होते. मेंदूचा रकाना दहा वर्षे भरत गेला आणि त्यात वाढ दिसली, तर हा लेख मी मागे घेईन आणि टॉवरविरोधी निवेदनावर सही करीन.